इंग्रजीच्या तासाला कुठली पद्धत? सांगली जिल्ह्यातल्या वर्गांपुरती एक तुलना

क्रॅशेन, स्वेन, प्रभू ही भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांची नावं डी.एड., बी.एड.ला पाठ करून झाली, टीईटीत म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेतही ती येऊन गेली आणि आता नेमणुकीचा आदेश हातात पडलाय, अशा शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. परीक्षेत ‘वैशिष्ट्ये लिहा’ एवढ्यावर भागतं. वर्गात मात्र उद्याची तासिका ३५ मिनिटांची असते, पट ४५चा असतो, निम्म्या मुलांना वाचता येतं आणि निम्मी अक्षरांशी झगडत असतात. त्या ३५ मिनिटांत करायचं काय? दुसरी भाषा कशी शिकली जाते याबद्दलचे सगळेच सिद्धांत आपापल्या जागी शहाणे आहेत, पण सगळे मिळून एका तासिकेत मावत नाहीत. कुणाला तरी बाहेर ठेवावं लागतं.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठल्या बाजूला झुकते आहे ते तुम्हाला कळेल. इयत्ता, वय, पाठ्यपुस्तक हे सगळं नंतर बघायचं. आधी बघायचं की ती भाषा शाळा सुटल्यावर मुलाच्या कानावर किती पडते.

हे कळायला जत तालुका फार चांगला. उमदी, संखच्या पट्ट्यात घरी कन्नड बोलणारी पुष्कळ मुलं आहेत. त्यांना मराठी ही दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. मराठी त्यांना आठवडी बाजारात, एसटीत, दवाखान्यात, टीव्हीवरच्या मालिकांत सतत ऐकू येते. शाळेने काही केलं नाही तरी ती मुलं मराठी समजायला लागतात. अडतं ते बोलताना आणि लिहिताना. इंग्रजीचं उलट. मोबाइलवरची गाणी आणि क्रिकेटची कॉमेंटरी सोडली तर इंग्रजी वाक्य त्यांना ऐकू येतं ते फक्त आपल्या तासाला. म्हणजे एकाच मुलाला, एकाच दिवशी, मराठीच्या तासाला एक पद्धत लागते आणि इंग्रजीच्या तासाला दुसरी. प्रशिक्षणात मात्र ‘द्वितीय भाषा’ असं एकच गाठोडं बांधून देतात.

व्याकरण आणि भाषांतर: हिला नावं ठेवणं सोपं

नियम सांगायचा, फळ्यावर उदाहरणं, धडा मराठीत समजावून द्यायचा, प्रश्नोत्तरं लिहून घ्यायची. आपल्यापैकी बहुतेक जण असेच शिकलो. तिचा फायदा लपवण्यात अर्थ नाही: वर्ग शांत राहतो, वह्या भरलेल्या दिसतात, शिक्षकाचं स्वतःचं इंग्रजी बेताचं असलं तरी निभावतं आणि घटक चाचणीत मार्क पडतात. संशोधनही तिच्या पूर्ण विरोधात नाही. नॉरिस आणि ऑर्टेगा यांनी २००० साली ४९ अभ्यासांची गोळाबेरीज मांडली, तेव्हा नियम उघडपणे शिकवण्याचा फायदा नुसत्या सहज शिकण्यापेक्षा जास्त दिसला. मेख एवढीच की त्यातल्या बऱ्याच चाचण्या नियम वापरून उत्तर लिहिण्याच्याच होत्या. ज्याचा सराव घेतला त्याचीच परीक्षा घेतली की निकाल चांगला लागतोच.

तिची खरी पंचाईत क्रमाची आहे. १९७३-७४च्या सुमारास डुले आणि बर्ट यांनी इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं बोलणं तपासलं. मुलांची घरची भाषा स्पॅनिश असो वा चिनी, ‘आयएनजी’ आणि अनेकवचनाचा ‘एस’ लवकर येतात आणि ‘ही गोज’मधला तृतीयपुरुषी ‘एस’ फार उशिरा येतो, असं त्यांना आढळलं. आपल्या शाळांत हे रोज दिसतं. हा ‘एस’ आपण प्राथमिकलाच शिकवतो, मुलं रिकाम्या जागा अचूक भरतात आणि दहावीच्या पत्रलेखनात ‘माय फादर वर्क इन फार्म’ असं लिहून मोकळी होतात. शिकवलेलं वाया गेलं असं नाही. ते मूल अजून त्या पायरीवर पोचलेलं नसतं. तेव्हा त्या ‘एस’साठी पाचवीत दोन आठवडे घालवू नका.

व्याकरण शिकवायचंच असेल तर व्हॅनपॅटनची एक युक्ती मला आवडते. मूल वाक्यातले अर्थाचे शब्द आधी पकडतं. ‘यस्टर्डे’ ऐकलं की काम झालं, मग क्रियापदाच्या शेवटी काय आहे याच्याकडे लक्ष कशाला द्यायचं? म्हणून ‘यस्टर्डे’ काढून टाकायचं. बाई नुसतं म्हणतात, ‘आय वॉक्ड टू स्कूल’, ‘आय वॉक टू स्कूल’, ‘वी प्लेड कबड्डी’. मुलांनी रोजचं असेल तर डावा हात वर करायचा, होऊन गेलेलं असेल तर उजवा. बोलायचं नाही, लिहायचं नाही. दहा वाक्यांत वर्ग कान टवकारून बसतो, कारण आता शेवटचा आवाज ऐकल्याशिवाय हात ठरत नाही.

आधी भरपूर ऐकू द्या, वाचू द्या

स्टीफन क्रॅशेनचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाला समजेल आणि त्याच्या आजच्या पातळीच्या जरासं पुढे असेल असं बोलणं-वाचन भरपूर मिळालं, आणि मनावर भीतीचं ओझं नसलं, तर भाषा आपोआप बसते. नियमांचं ज्ञान फक्त तपासनिसाचं काम करतं. १९८०च्या दशकात हे फार गाजलं आणि त्यावर टीकाही तितकीच झाली. ‘जरासं पुढे’ म्हणजे नेमकं किती, हे मोजायचं कसं? याचं धड उत्तर त्याला कधी देता आलं नाही. टीका मला पटते. तरीही आपल्याकडच्या इंग्रजीच्या तासासाठी, निदान सातवीपर्यंत, मी याच बाजूला उभी राहते.

कारण फिजीचा अनुभव. एली आणि मंगूभाई यांनी तिथल्या ग्रामीण शाळांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना गोष्टींची प्रत्येकी सुमारे २५० पुस्तकं दिली. रोज २०-३० मिनिटं शिक्षकाने गोष्ट वाचून दाखवायची किंवा मुलांनी मनातल्या मनात वाचायची. शेजारच्या शाळांत नेहमीचं पाठ्यपुस्तक चालू राहिलं. १९८३ साली छापून आलेल्या निकालात पुस्तकवाल्या मुलांची वाचनातली प्रगती दुसऱ्यांच्या जवळपास दुप्पट होती. हे अमेरिकेतल्या बारा मुलांच्या वर्गात घडलेलं नाही. इंग्रजी घरी न बोलणारी खेड्यातली मुलं, साध्या शाळा. आपल्याशी जुळणारं उदाहरण यापेक्षा जवळचं मिळणं कठीण.

आता खर्चाची बाजू. एक तर पुस्तकं लागतात, आणि पाठ्यपुस्तक पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजे भरपूर वाचन नव्हे. दुसरं, शिक्षकाला सोपं, बिनचूक इंग्रजी सलग दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. हे जमत नाही म्हणून लाज वाटायचं कारण नाही. गोष्ट आदल्या दिवशी घरी दोनदा मोठ्याने वाचून आलं की पुष्कळ काम होतं. तिसरी अडचण सगळ्यात खरी आणि पुस्तकांत कुठेच नसलेली: वही कोरी राहते. पालक विचारतात, आज इंग्रजीत काय लिहिलं? केंद्रप्रमुख आले की टाचण आणि वह्या बघतात. कानाने घेतलेलं दाखवता येत नाही. यावर माझा तोडगा असा की गोष्ट झाल्यावर मुलांनी तीन चित्रं काढायची आणि प्रत्येकाखाली गोष्टीतलंच एक वाक्य बघून लिहायचं. शिकण्याच्या दृष्टीने त्याला फार मोल नाही, पण वही भरते आणि उद्याचा गोष्टीचा तास वाचतो.

पहिली-दुसरीसाठी जेम्स ॲशरची आज्ञा पाळण्याची पद्धतही याच घरातली. ‘स्टँड अप, टच द डोअर, पुट द बॅग अंडर द बेंच.’ मुलांनी फक्त करायचं. महिनाभर छान चालते. ‘व्हाय’ आणि ‘मेबी’ असे शब्द मात्र आज्ञेतून शिकवता येत नाहीत, त्यामुळे तिसरीनंतर ती आपोआप आटते.

बोलतं करा: स्वेन आणि लाँग

मेरिल स्वेन कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजी घरांतल्या मुलांचा अभ्यास करत होत्या. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्या मुलांचं समजणं फ्रेंच मुलांच्या जवळ पोचलं होतं, बोलण्यातलं व्याकरण मात्र लंगडंच होतं. १९८५ साली त्यांनी मांडलं की ऐकणं पुरत नाही. बोलायला, लिहायला भाग पडलं की मगच आपल्याला काय येत नाही ते मुलाला जाणवतं. मायकेल लाँग यांनी त्याला देवाणघेवाणीची जोड दिली: न समजल्यावर ‘म्हणजे काय?’ असं विचारणं, पुन्हा सांगणं, सोपं करणं, यातच शिकणं घडतं.

जतच्या कन्नड मुलांच्या मराठीला हे अगदी फिट बसतं. कान तयार झालेले आहेत, आता तोंड उघडायला हवं. तिथे मराठीच्या तासाला मी बाई वाचतात-मुलं ऐकतात असा प्रकार जवळजवळ बंद करीन. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, दुकानदाराशी घासाघीस, आजीने कन्नडमध्ये सांगितलेली गोष्ट मराठीत सांगणं, हे सगळं तिथे चालतं. कन्नड वाचता येणारं मूल मराठी वाचायला वेगाने शिकतं. जिम कमिन्स यांनी म्हटलंय तसं एका भाषेत कमावलेलं वाचनाचं कसब दुसरीत कामाला येतं. म्हणून कन्नड बोलल्याबद्दल मुलांना ओरडणं हा शुद्ध तोटा आहे.

इंग्रजीसाठी मात्र हिशेब करून बघा. ३५ मिनिटांतली निम्मी शिक्षकाकडे गेली तर उरलेली १७ मिनिटं ४५ मुलांत वाटायची. प्रत्येकाला तेवीस सेकंद. त्यातही पहिल्या बाकावरची चौघं दोन-दोन मिनिटं घेतात. शेजारच्या बाकसोबत्याशी पाच मिनिटं बोलायला दिलं तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटं येतात खरी, पण ज्यांच्याकडे मुळात दोनशे शब्दही नाहीत ती मुलं तिसऱ्या वाक्याला मराठीत येतात. यात मुलांचा आळस नाही. बादलीत पाणी नसताना तोटी उघडण्यात काय हशील?

या गटातून सगळ्यांनीच घ्यावी अशी गोष्ट म्हणजे चुका सुधारण्याची रीत. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ साली असेच फ्रेंच वर्ग तपासले. शिक्षक निम्म्याहून जास्त वेळा मुलाचं चुकीचं वाक्य नुसतं दुरुस्त करून पुन्हा म्हणत आणि मुलं त्याची दखल तीनांत एखाद्या वेळीच घेत. आपल्या वर्गात ते असं दिसतं.

‘यस्टर्डे आय गो तासगाव.’
‘ओह, यू वेंट टू तासगाव?’
‘यस बाई. मामाकडे.’

मुलाच्या दृष्टीने बाईंनी तासगावची चौकशी केली. चूक कुणी दाखवलीच नाही. त्याऐवजी बाई म्हणाल्या, ‘यस्टर्डे आय…?’ आणि थांबल्या, तर मुलगा डोकं खाजवतो, शेजारी ‘वेंट, वेंट’ कुजबुजतो, आणि ते त्याच्या तोंडून येतं. थांबायचं मात्र खरोखर. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत मोजलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद उभं राहून बघा, किती मोठे वाटतात ते.

प्रभूंचे टास्क: घरचीच पद्धत

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या नेहमीच्या शाळांत एक प्रयोग चालवला. बंगळूर प्रकल्प म्हणून तो जगभर शिकवला जातो. व्याकरणाचा अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि मुलांना नुसती कोडी, नकाशे, वेळापत्रकं सोडवायला दिली. डोकं अर्थात गुंतलं की भाषा मागून येते, ही धारणा.

टास्क म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गट पाडलेला, कलकलाट करणारा वर्ग येतो. प्रभूंच्या प्रकल्पात गटकार्य जवळजवळ नव्हतंच. आधी शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर एक कोडं तोंडी सोडवणार, मग तशाच जातीचं दुसरं प्रत्येकाने एकट्याने कागदावर सोडवायचं. अर्धीकच्ची मुलं एकमेकांशी बोलून एकमेकांचं कच्चं इंग्रजीच पक्कं करतील, ही त्यांची भीती. बाकं हलवायची नाहीत, आवाज नाही, ४५चा पट चालतो. आपल्याकडे त्यांचं नाव घेऊन गटकार्य घेतात, ही गंमतच आहे.

एक नमुना. फळ्यावर काल्पनिक वेळापत्रक: जतहून पहिली गाडी ६:३०ला सुटते, ९:००ला सांगलीत; दुसरी ७:४५ला, १०:१५ला सांगलीत; तिसरी ८:३०ला, ११:००ला सांगलीत. रेश्माची परीक्षा १०:३०ला. स्टँडपासून परीक्षेची शाळा चालत २० मिनिटं. ‘व्हिच बस शुड रेश्मा टेक?’ अर्धा वर्ग ओरडतो, ‘सेकंड!’ बाई हो-नाही काहीच म्हणत नाहीत.

‘व्हेन डझ द सेकंड बस रीच सांगली?’
‘टेन फिफ्टीन.’
‘हाऊ लाँग डझ शी वॉक?’
‘ट्वेंटी मिनिट.’
‘सो?’
थोडी शांतता. मग मागून, ‘नो बाई, फाइव्ह मिनिट लेट!’
‘यस, शी विल बी फाइव्ह मिनिट्स लेट. सो, व्हिच बस?’

इथे ‘विल बी’ शिकवलं नाही, पण ते नेमक्या गरजेच्या क्षणी कानावर पडलं. नंतर मुलांना कागदावर दुसरा प्रवासी, दुसरी वेळ. प्रभूंचा मापदंडही व्यवहारी होता: निम्म्या मुलांना निम्मं काम जमलं की टास्क योग्य अवघड समजायचा.

मग एवढं चांगलं असून ते सगळीकडे पसरलं का नाही? प्रकल्प संपताना ॲलन डेव्हिस आणि ॲलन बेरेटा यांनी चाचण्या घेतल्या. टास्कच्या चाचणीत प्रकल्पातली मुलं पुढे होती, व्याकरणाच्या रचनांच्या चाचणीत नेहमीच्या वर्गांतली. शिवाय बेरेटांनी पुढे दाखवलं की बाहेरून आलेल्या उत्साही शिक्षकांना जे जमलं ते शाळेच्या नेहमीच्या शिक्षकांना तितकं पेललं नाही. रोज नवं कोडं रचायचं, ते नेमक्या अवघडपणाचं हवं, आणि वर्ग कुठे वळेल तिथे इंग्रजीत उत्तर द्यायची तयारी हवी. आठवड्यात पाच टास्क तुम्हाला झेपणार नाहीत. एक झेपतो. बाजारभावाचा तक्ता, बेदाण्याच्या पेट्यांचा हिशेब, गावाचा नकाशा यांतून वर्षभराचे टास्क निघतात आणि ते पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतात.

मग वाटणी कशी करायची

पॉल नेशन म्हणतात चार समान भाग करा: समजून घेण्यासाठी ऐकणं-वाचणं, सांगण्यासाठी बोलणं-लिहिणं, भाषेचा मुद्दाम अभ्यास, आणि येतं तेच भराभर करण्याचा सराव. हिशेब नीटनेटका आहे. पण तो मला इंग्रजी थोडीफार कानावर पडणाऱ्या मुलांचा वाटतो. मराठी माध्यमाच्या खेड्यातल्या वर्गात, आठवड्याला सहा तासिका धरल्या तर, सातवीपर्यंत मी तीन गोष्टी-वाचनाला देईन, एक टास्कला, एक व्याकरण आणि शब्दांना, आणि एक पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय पुरा करायला. बोलण्याचा वेगळा तास नाही. ते गोष्टीत आणि टास्कमध्ये येतं तेवढं पुरे. स्कॉलरशिपचा वर्ग असेल तर जानेवारीनंतर ही वाटणी कोसळते, हे मला माहीत आहे. कोसळू द्या. जूनपासून डिसेंबरपर्यंत तरी ती टिकवा.

सांगली-मिरज शहरात इंग्रजी कार्टून बघणारी, क्लासला जाणारी मुलं असतील तर टास्क दोन करा आणि जोडीने बोलणं जरूर घ्या. त्यांच्या बादलीत पाणी आहे.

विटा-आटपाडीकडच्या शिक्षकांना एक वेगळाच पाहुणा भेटतो. आई-वडील सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी केरळ, तमिळनाडूत, आणि मूल सहावीत गावी परत. त्याचं इंग्रजी वर्गापेक्षा बरं, हिंदी कामचलाऊ, मराठी बोलणं घरगुती, मराठी लेखन शून्य. याला इंग्रजीच्या तासाला टास्क समजावून सांगणारा मदतनीस करा आणि मराठीसाठी पुन्हा तिसरीच्या गोष्टींची पुस्तकं द्या. त्याला ‘ढ’ ठरवायची घाई वर्गात फार लवकर होते.

सेमी-इंग्रजीचा, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याचा, निर्णय शाळेपुढे असेल तर कमिन्सचा दुसरा मुद्दा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जरूर मांडा. कॅनडातल्या स्थलांतरित मुलांवरून त्यांनी दाखवलं की गप्पांपुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा वर्गाच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि ही मुलं इंग्रजीच्याच देशात राहत होती. ‘आमचा बाळू इंग्रजीत चटपटीत बोलतो’ हा विज्ञान इंग्रजीतून घेण्याचा पुरावा होत नाही. विज्ञानाच्या पुस्तकाचं एक पान देऊन त्याने काय समजलं ते मराठीत सांगायला लावा. समितीतल्या पालकांसमोरच.

नववी-दहावी मिळाली असेल तर वरची सगळी वाटणी उलटी फिरवा. तिथे व्याकरणाला दोन, लेखनाला दोन, वाचनाला दोन तास. टास्क सोडून द्या, बोर्डाची कृतिपत्रिकाच पुरेशी कोडी घालते. फक्त लेखन तपासताना पानभर लाल शाई ओतू नका. रिचर्ड श्मिट म्हणतात तसं, मुलाच्या लक्षात आल्याशिवाय चूक सुटत नाही, आणि एका वेळी वीस चुका कुणाच्याच लक्षात येत नाहीत. एका आठवड्याला एकच प्रकार निवडा, समजा भूतकाळाची रूपं, तेवढ्याच खुणा करा, उत्तर लिहून देऊ नका, आणि तोच कागद दुरुस्त करून परत मागा. पंचेचाळीस वह्यांचा गठ्ठाही मग एका ऑफ तासात उरकतो.